डाळ छताला लागली तेव्हा: स्वयंपाकघरातल्या उपकरणांबाबत या चुका टाळा

आमच्या लालबागच्या खोलीत ओट्याच्या बरोब्बर वर एक पिवळा डाग होता. रंगाचे दोन हात मारले तरी पावसाळ्यात तो पुन्हा उमटायचा. तुरीची डाळ ती. शिट्टी होईना म्हणून आईनं गॅस मोठा केला, आणि दोन मिनिटांत झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून डाळीचा फवारा थेट वर गेला. आई बाजूला बसून कोथिंबीर निवडत होती, म्हणून वाचली.

घरातल्या सगळ्यांनी कुकरला शिव्या घातल्या. खरं तर कुकरनं आपलं काम चोख केलं होतं. शिट्टीच्या नळीत डाळीचं साल अडकलेलं, वाफेला दुसरी वाट नाही, म्हणून व्हॉल्व्हमधला मऊ धातू वितळला आणि वाफ तिथून निघाली. तो वितळला नसता तर झाकणच उडालं असतं. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी.

‘बसतो ना? मग झालं’

वडिलांनी पदपथावरून एक सुटा व्हॉल्व्ह आणला. आट्यात बसला, काम झालं! पण व्हॉल्व्ह बसणं वेगळं आणि वेळेवर वितळणं वेगळं. कुकरच्या आत साधारण १२० अंशांवरची वाफ कोंडलेली असते. तिला रोखणारा शेवटचा पहारेकरी कुठल्या धातूचा आहे हे त्या विक्रेत्यालाही माहीत नसतं. व्हॉल्व्ह, शिट्टी आणि रिंग त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या. चार पैसे वाचवायची जागा ही नाही.

रिंग सैल झाली की ती फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा वापरायची युक्ती आमच्या चाळीत घरोघरी होती. दोन दिवस चालतेही. पण रिंग कडक पडली, चिरली किंवा कडेनं वाफ फुसफुसू लागली की तिचे दिवस भरले. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का बघा. ही पाच सेकंदांची सवय आईला त्या डागानं लावली. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, फेस येणारी डाळ किंवा कडधान्य असेल तर निम्माच. आणि घाई आहे म्हणून चमच्यानं शिट्टी उचलणं बंद करा.

नवा घेताना आयएसआय खूण नुसती पाहू नका, तिच्याखालचा सीएम/एल क्रमांक (म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक) ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासा. घरगुती प्रेशर कुकरला ही खूण १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची आहे. तरीही खूण नसलेले कुकर विकू दिले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये बड्या ऑनलाइन बाजारांना दंड केला. म्हणजे मोठ्या नावाच्या साइटवरून मागवला, एवढ्यानं निर्धास्त होता येत नाही.

‘जरा चप्पल घालून उघड’

फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून फ्रीजसमोर कायमची रबरी चप्पल ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. पाहुण्यांनाही आपुलकीनं सांगतात, ‘चप्पल घाला हं.’ अहो, तो फ्रीज तुम्हाला सांगतोय की बॉडीत करंट उतरलाय आणि त्याला जमिनीत जायला वाट नाही! एक दिवस कोणीतरी ओल्या हातानं, अनवाणी दार उघडणार. मुंबईची खारी, दमट हवा तारा आणि जोड लवकर खाते, त्यात पावसाळा.

थ्री-पिनमधली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांब असते, म्हणजे प्लग घालताना अर्थिंग आधी जुळतं आणि काढताना शेवटी सुटतं. जुन्या चाळीतल्या टू-पिन सॉकेटमध्ये बसावी म्हणून ती कापून टाकणारे महाभाग आहेत. जुन्या इमारतींमध्ये तर सॉकेटला तीन भोकं असतात, पण मागे अर्थिंगची तारच नसते. परवानाधारक वायरमनला बोलावून ते तपासून घ्या आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज क्षणात तोडणारा स्विच, बसवा. ‘आमच्याकडे एमसीबी आहे की’ असं अनेक जण सांगतात. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो, शॉक बसणाऱ्या माणसाला नाही.

दुसरी गोष्ट लोडची. २००० वॅटचा इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला लावायचा नाही. प्लग गरम लागणं, सॉकेट तपकिरी पडणं, ही पूर्वसूचना. बटणाचं प्लास्टिक जळू लागलं की कधी कधी मासळीसारखा वास येतो. आमच्या घरी हे ओळखणं कठीण, कारण खरी मासळी आठवड्यातून चार दिवस असते. पण सोमवारी तसा वास आला तर मेन बंद करा. इंडक्शनच्या काचेला तडा गेला असेल तर टेप न लावता प्लग काढून ठेवा. उतू गेलेलं पाणी तड्यातून आत उतरतं.

‘एकदाच फिरवते’

कांदा-टोमॅटोचा गरम मसाला बंद भांड्यात घालून मिक्सर फिरवला की आतली वाफ एकदम फुगते, झाकण उडतं आणि उकळता मसाला मनगटापासून गळ्यापर्यंत. मसाला पूर्ण थंड होऊ द्या. पात्याखाली अडकलेलं काढायचं असेल तर नुसतं बटण नाही, प्लग काढायचा. आणि तळाचं ओव्हरलोड बटण पडलं तर मोटार निवेपर्यंत थांबा, पुन्हा पुन्हा दाबू नका.

गॅसच्या नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदला, चांगली दिसत असली तरी. गळतीचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या सिलिंडर गॅसच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो, पाइपचा गॅस वर चढतो.

भाजलंच तर २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ काहीही नाही. बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढा. चेहरा, सांधा किंवा मोठा भाग भाजला असेल तर १०८.

‘देऊन टाक भंगारात’

इजा झाली की आपण रागानं उपकरण भंगारवाल्याला देतो आणि पुरावाच घालवून बसतो. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकाकडून, काही वेळा विक्रेत्याकडूनही, भरपाई मागायची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. वस्तू आहे तशी पिशवीत ठेवा, न धुता. तुकडे, डाग, अनुक्रमांकाची पट्टी यांचे फोटो काढा. बिल आणि डॉक्टरांचे कागद एकत्र करा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. कंपनीचा माणूस गोड बोलून ‘जुना पीस द्या, नवा देतो’ म्हणाला तर आधी लेखी पोच घ्या, आणि त्यात ‘वस्तू तपासणीसाठी नेली’ असं स्पष्ट लिहून घ्या.