सौर वीज, बॅटरी, गिझर: किनाऱ्यावरच्या होमस्टेचा ताळमेळ

आधी २४ ओळींचा तक्ता करा: दर तासाचं सौर उत्पादन, वापर, बॅटरीतली शिल्लक. पावसाळ्याचा तक्ता वेगळाच हवा; मे महिन्याच्या आकड्यांवर बॅटरी निवडली की जुलैत फसगत ठरलेली.

गिझरची टाकी म्हणजे स्वस्तातली साठवण. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट लागतात. म्हणून बॅटरी ८० टक्के भरली की गिझर चालू, ६० वर उतरली की बंद. हे अंतर ठेवाच, नाहीतर ढग आला-गेला की कॉन्टॅक्टर (गिझर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) कटकट करत राहतो आणि त्याचे पॉइंट जळतात. पंप गिझर बंद असतानाच लावा. सुरू होताना तो कित्येक पट करंट ओढतो.

खाऱ्या वाऱ्याने तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, जोड तापतो. कलई केलेले लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) वापरा आणि गणपतीआधी मेन, बॅटरी आणि सौर पॅनेल तिन्हींचे स्विच बंद करून सगळे स्क्रू आवळा.