पोटभाड्याने जागा घेताय? मूळ करार बघितल्याशिवाय अनामत देऊ नका

हर्णैला बंदराच्या रस्त्यावर मी डिसेंबरात एक गाळा पोटभाड्याने घेतला. देणारा ओळखीचा, मालक मुंबईला. चाळीस हजार अनामत आणि अकरा महिन्यांचा कागद, तोही नुसता नोटरी केलेला. डीप फ्रीझर आणला, कडाप्प्याचा ओटा बांधून घेतला. मार्चमध्ये मालक शिमग्याला गावी आले. पालखी घरून पुढे गेल्यावर ते थेट दुकानात. म्हणाले, "तुम्ही कोण?"

मला गाळा देणाऱ्या भाडेकरूशी त्यांचा मूळ करार 31 मार्चला संपत होता. म्हणजे माझ्या अकरा महिन्यांपैकी सात महिन्यांना बुडच नव्हतं, आणि मे महिन्याचा सगळा सीझन त्या सातांत.

तेव्हा पहिली चूक मुदतीची. मूळ करार संपला की त्यावर टेकलेला तुमचा कागदही संपला. नोंदणीकृत कराराची प्रत मागा आणि शेवटची तारीख स्वतः वाचा. प्रत द्यायला समोरचा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.

दुसरी चूक जास्त फसवी. करारात पोटभाड्याचा उल्लेखच नाही, म्हणजे चालतं, असं लोक धरून चालतात. उलट आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 26 प्रमाणे करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाड्याने देताच येत नाही, आणि दिलं तर कलम 16 खाली त्याला बाहेर काढायला मालकाला कारण मिळतं. त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर. आपल्याकडे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात. तो नुसता वापराचा परवाना, करारात तशी सोय नसेल तर पुढे दुसऱ्याला देता येत नाही. राहायला अशा परवान्यावर घेतलेली जागा मुदतीनंतर अडवून बसलं तर कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते, ते वेगळंच.

"भाऊंना फोनवर विचारलंय" हे वाक्य कोकणात सर्रास ऐकू येतं. कोणत्या भाऊंना? वाडवडिलांचं घर असेल तर मालकीत चुलते, आत्या, पुतणे सगळे असतात. एकाने हो म्हटलं तरी दुसरा गणपतीत येऊन भांडतो. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा बघा, नावं मोजा आणि संमती लेखी घ्या. होमस्टेसाठी घर घेत असाल तर हे दुपटीने लागू, कारण राहायला दिलेल्या घरात पाहुणे ठेवून धंदा करायची परवानगी बऱ्याच करारांत नसते.

नोंदणीचा कंटाळा करू नका. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा.

आधीच अडकला असाल तर मूळ भाडेकरूशी वाद घालत बसू नका, मालकाला गाठा. मी तेच केलं. संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून सगळे कागद पुढे ठेवले आणि एप्रिलपासून थेट त्यांच्याशी करार केला. भाडं दीड हजाराने वाढलं, पण मे हातचा गेला नाही. भाडं तेव्हापासून बँकेतूनच देतो. अनामत मात्र मालकाकडे मागता येत नाही, ज्याच्या हातात दिली त्याच्याकडेच मागायची. माझी चार हप्त्यांत परत आली, तीही सुरुवातीचे चाळीस हजार ऑनलाइन पाठवले होते म्हणून.