डिझेल एसयूव्हीच्या इंजिनाची ताकद टिकवण्यासाठी घरी करायची तपासणी

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात माझ्या डिझेल एसयूव्हीने अचानक दम सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी वेग घेईना आणि मागे काळा धूर पडू लागला. एका गॅरेजमध्ये टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) गेल्याचे सांगून मोठा खर्च काढण्यात आला. प्रत्यक्षात ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी नळीची क्लिप सैल झाली होती आणि नळीच्या तोंडाशी तेलकट धुळीचा काळा थर बसला होता. क्लिप आवळताच गाडी पूर्ववत चालू लागली. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की पिकअप कमी झाला म्हणजे इंजिनच बिघडले असे धरून चालू नये. हवा, ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि डिझेल या चार गोष्टी आधी स्वतःच्या डोळ्यांनी तपासाव्यात.

सुरुवात ऑइलपासून करावी. गाडी सपाट जागेवर उभी करून, शक्यतो सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक बाहेर काढावी, स्वच्छ फडक्याने पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग बाहेर काढून पातळी पाहावी. (काही गाड्यांच्या पुस्तिकेत इंजिन गरम करून, बंद केल्यावर काही मिनिटांनी पातळी पाहण्यास सांगितलेले असते, तेथे पुस्तिकेप्रमाणेच करावे.) ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळे पडते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र ते दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते आणि तशी गाडी पुढे चालवू नये. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली आढळली, तर ती शुभ खूण समजू नये. त्याचे कारण बहुधा डीपीएफ या धुराच्या फिल्टरमध्ये सापडते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यानंतर डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा हा फिल्टर सर्रास आला. साठलेली काजळी जाळण्यासाठी त्याचे तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते आणि त्यासाठी अनेक इंजिनांमध्ये सिलिंडरात जादा डिझेल सोडले जाते. गाडी रोज फक्त शाळा, बाजार आणि घर एवढीच फिरत असेल, तर ही प्रक्रिया अर्ध्यातच तुटते, जादा डिझेलपैकी काही भाग ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल पातळ होऊन त्याची पातळी वाढते. म्हणून डीपीएफचा दिवा लागल्यास गाडी मोकळ्या महामार्गावर न्यावी, साधारण 2000 आरपीएम राखून पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नये. या गाड्यांमध्ये कमी राख सोडणारे, पुस्तिकेत नमूद केलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी दुसरे ऑइल भरल्यास त्याची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही.

त्यानंतर एअर फिल्टर पाहावा. डबीच्या क्लिपा काढून फिल्टर उजेडासमोर धरावा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर तो बदलावा. ऊसतोडणीच्या हंगामात शेतरस्त्यांवर किंवा खाणीच्या परिसरात गाडी फिरत असेल, तर पुस्तिकेतील अंतर पूर्ण होण्याची वाट पाहू नये. त्याच वेळी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या नळ्यांच्या जोडांवरून बोट फिरवावे. बोटाला तेलकट काळा थर लागला, तर तेथील क्लिप सैल आहे का ते पाहावे.

कूलंटची पातळी टाकीवरील खुणांवरून कळते, त्यामुळे इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण उघडण्याचे कारणच नाही. आतील दाबामुळे उकळते कूलंट अंगावर उडते. भर घालताना नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार रेडिएटरमध्ये थर धरतात. डिझेल फिल्टरमधील पाण्याचा दिवा लागला, तर ते पाणी लगेच काढून घ्यावे. पाण्यामुळे इंजेक्टर आणि पंप गंजतात व तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो. बेल्टवरील भेगा आणि बॅटरीची टोके बोनेट उघडे असतानाच पाहून घ्यावीत.

धुरावर लक्ष ठेवावे. सतत येणारा काळा धूर हवा कमी पडत असल्याचे किंवा डिझेल जास्त जात असल्याचे सांगतो, तर निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. थंडीच्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ इंजिन तापल्यावर नाहीशी होते. ती तशीच राहिली आणि कूलंटही घटत असेल, तर मेकॅनिकला दाखवावे.

चालवण्याची सवयही या देखभालीतच मोडते. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. त्यामुळे थंड इंजिन सुरू करताच रेस करू नये, आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीत पोहोचल्यावर लगेच इंजिन बंद न करता ते मिनिटभर नुसते चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल फिरत राहते आणि तेथेच करपून बसत नाही.