गंजलेली फियाट कमी पैशात उभी करायचीय? आधी मॅट उचला

पद्मिनी म्हणजे आपल्याकडं सगळे जिला अजून फियाटच म्हणतात ती गाडी. दीड-दोन लाखात उभी होईल का असं विचारणारी पोरं हल्ली बरीच भेटतात. होते, पण ते दीड-दोन लाख कुठं घालायचे हे आधी कळलं तरच होते, मी पहिल्या वेळी चुकीच्या जागी घातले. देवगडकडची ८४ सालची गाडी, पडवीत ताडपत्रीखाली उभी, वरून एकदम चकाचक कारण विकायच्या आधी कुणीतरी लांबी (खड्डे-भोकं बुजवायची पुट्टी) भरून रंग मारून दिलेला, नवी बॅटरी लावली तर इंजिन दुसऱ्या सेल्फला चालू झालं आणि मी तिथंच विरघळलो. कोल्हापूरला आणून मिस्त्रीमामांनी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली जमीन दिसली, गॅरेजची. मामा एवढंच म्हणाले, "पावणं, इंजान घेतलासा, गाडी कुठाय?"

तर पहिली गोष्ट, इंजिन बघून फियाट घेऊ नका, पत्रा बघून घ्या. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं, त्यात कॉम्प्युटर नाही सेन्सर नाही, बिघडलं तरी खोलून बसवता येतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट काढली, १९७४ ला तीच पद्मिनी झाली, आणि मुंबईत टॅक्सी म्हणून तर ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत पळत होती, म्हणून तिचे पार्ट आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात. पण या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोर, दाराखालच्या पेट्या, खांब हे सगळं मिळून एकच हाड आहे. पेटी सडली म्हणजे गाडीचं कंबरडं मोडलं, दार नीट लागत नाही, जॅक लावला की पत्रा कुरकुरतो, आणि असल्या गाडीला वरून कितीही पॉलिश मारा, ते मेकअपच.

बघायला जाताना एक लोहचुंबक न्या, पातळ फडक्यात गुंडाळून. दारांची खालची कड, मागच्या चाकावरची कमान, हेडलाइटभोवतीचा पत्रा, सगळीकडं फिरवा. जिथं पकड सुटते तिथं आत लांबी आहे, थोडी असली तर चालतं, ढीगभर असली तर खाली पत्राच नाही असं समजा. मग मालकाला विचारून मॅट उचला, डिकीत स्टेपनीच्या खाली हात घाला, बॅटरीचा ट्रे बघा (ॲसिड गळून तो हमखास गेलेला असतो), पुढच्या काचेच्या रबराच्या कोपऱ्यात बोटानं दाबून बघा, आणि गाडीखाली झोपून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथं बॉडीला बसतात ती जागा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. दारं भोकं पडलेली असतील तर घाबरू नका, ती दुसरी मिळतात. पाट्यांची जागा आणि दोन्हीकडच्या पेट्या एकदमच गेल्या असतील तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नका, म्हणजे पार्टसाठी घ्या पण उभी करायला नको. आणि कोकणातली, समुद्राजवळची गाडी असेल तर दिसतंय त्याच्या दुप्पट सडलंय असा हिशेब धरा, सोलापूर-विजापूरकडची रंग उडालेली पण कोरडी गाडी त्याच्यापेक्षा लाख पटीनं बरी.

पैसे देण्याआधी कागद, हे कंटाळवाणं आहे पण इथंच लोक फसतात. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढं दर ५ वर्षांनी फिटनेस करून रिन्यू करायचं, शिवाय पर्यावरण कर. २० वर्षांवरच्या मोटारीची रिन्यूअल फी २०२५ ला वाढून १० हजार झाली, ती बजेटमध्ये आधीच धरा. एमएच यायच्या आधीची तीन अक्षरी पाटी असेल तर आरसी पुस्तक ऑनलाइन चढलंय का ते बघा, नसेल तर बॅकलॉग एन्ट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यायला, आरटीओचे हेलपाटे आहेत. ८० सालातल्या कर्जाचा बोजा अजून पुस्तकावर तसाच असतो, बँकेचं पत्र लागतं आणि कधी कधी ती शाखाच राहिलेली नसते. गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज वापरता येत नाही, म्हणून रविवारी चक्कर आणि रोज भाजी आणायला पण गाडी हवी असेल तर त्या फंदात पडू नका. आणि हो, बॉडीवर चासी नंबर जिथं कोरलाय तिथं ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, तो नंबर घासला गेला तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं.

गाडी घरी आली की लगेच धुऊ नका. आधी फोटो. प्रत्येक वायर, प्रत्येक क्लिप, प्रत्येक रबर काढण्याआधी फोटो, आणि नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यात, डब्यावर चिकटपट्टी लावून नाव. सहा महिन्यांनी तुम्हाला काहीही आठवणार नाही. सीटा, मॅट, आतलं फेल्ट, सगळं काढा, डांबराचा थर खरवडून काढा, आता कुठं खरा पत्रा दिसतो आणि इथंच अर्धे लोक गाडी विकायला काढतात.

छोट्या पार्टचा गंज काढायला पैसे घालवायची गरज नाही. आमच्या भागातला जुगाड म्हणजे काकवी. कारखान्याच्या मळीवर सरकारचं नियंत्रण असतं त्यामुळं ती अशी सुट्टी मिळत नाही, पण गुऱ्हाळावर तळाची, खाण्यालायक नसलेली काकवी स्वस्तात देतात. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात, त्यात बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे क्लॅम्प, काय असेल ते बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जा. वास असा सुटतो की घरचे बोलणं बंद करतात, म्हणून पिंप परसात लांब ठेवा. गंज तेवढा सुटतो आणि चांगलं लोखंड तसंच राहतं, ॲसिडसारखं खात नाही. फक्त ॲल्युमिनियमचं काही, आणि कार्ब्युरेटर तर अजिबातच त्यात टाकू नका, खराब होतो. घाई असेल तर धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर: लिटरला साधारण एक मोठा चमचा सोडा, चार्जरची मायनस वायर गंजलेल्या पार्टला, प्लस वायर भंगारातल्या साध्या लोखंडाच्या तुकड्याला, दोन्ही पाण्यात पण एकमेकाला टेकता कामा नयेत. प्लसला स्टीलचं भांडं-बिंडं लावू नका, त्यातनं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि सोड्याऐवजी मीठ पण नको. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, म्हणजे उघड्यावर करायचं आणि जवळ बिडी-सिगारेट नाही. पार्ट बाहेर काढला की धुऊन, लगेच कोरडा करून प्रायमर मारा, तासाभरात परत तांबूस व्हायला लागतो.

आता पत्र्याचं काम. माझं ठाम मत, बजेटमधला सगळ्यात मोठा वाटा इथं द्या, माझ्या दुसऱ्या गाडीत जवळपास निम्मा इथंच गेला आणि एक रुपयाही वाया गेला नाही. पेट्या कापायच्या असतील तर आधी दाराच्या मोकळ्या जागेत आतून अँगलचे तुकडे आडवे वेल्ड करून गाडी बांधून घ्या, नाहीतर कापताक्षणी बॉडी मधून खचते आणि नंतर दारं कधीच बसत नाहीत. एका वेळी एकच बाजू. दार मध्ये मध्ये लावून फट सारखी आहे ना ते बघत राहायचं. सडलेलं कापताना दया नको, ग्राइंडरखाली पांढरा चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागं जायचं, कारण गंजक्या कडेला वेल्डिंग धरतच नाही, नुसतं भोक मोठं होत जातं. फ्लोरला १८ गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाहेरच्या पॅनेलला त्याहून पातळ, २० गेज. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून बघा, मग पत्रा. काही गॅरेजवाले जीआय (जस्त चढवलेला) पत्रा आणून रिव्हेट ठोकून वर डांबर फासून देतात, स्वस्त पडतं, पण दोन पावसाळ्यांत त्या सांध्यातनंच परत सडतं, आणि जीआय वेल्ड केला तर जस्ताचा धूर छातीत जातो तो वेगळाच.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे मिगचं करून घ्या. जुने मिस्त्री गॅसवर हात बसलेले असतात आणि त्यांचा हात खरंच सोन्याचा असतो, पण पातळ पत्रा गॅसनं तापून लाटा येतात आणि मग त्या झाकायला परत लांबी. सीओटूनं पण सलग ओढायचं नाही, इथं एक टाका तिथं एक टाका, थंड होऊ द्यायचं, हाताला सोसलं की पुढचा. स्वतः करणार असाल तर आधी भंगार पत्र्यावर दोन दिवस घालवा. बॅटरी काढून ठेवा, पेट्रोलची टाकी गाडीतनं पूर्ण बाहेर, शेजारी पाण्याची बादली आणि एक माणूस. आणि टाकीला वेल्डिंग घरी कधीच नाही, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची असते, वाफ राहते आत.

मग नव्या पत्र्यावर आणि सांध्यांवर एपॉक्सी प्रायमर. नुसतं रेडऑक्साइड मारून गाडी पावसात उभी केली तर त्यातनं पाणी आत शिरतं. लांबी प्रायमरवर आणि पातळ, नखाएवढी. ओल्या पाणीपेपरनं लांबी घासून तिच्यावर लगेच रंग मारला तर आतलं पाणी वर्षभरात फोड होऊन बाहेर येतं, म्हणून लांबी कोरड्यानं घासा, आणि जून ते सप्टेंबर रंगाचं काम काढूच नका. रंगात पैसे वाचवायचे तर सिंगल कोटवाला पांढरा किंवा साधा निळा घ्या, मेटॅलिकच्या नादाला लागू नका, तसल्या रंगात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते.

ब्रेकमध्ये मात्र काटकसर नाही. जुन्या मॉडेलला ब्रेकची लाइन एकच असते, एक चाक गळलं की चारही गेले. चारी व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, रबरी होज, हे सगळं नवीन, दिसायला चांगलं असलं तरी. टायरला काजळासारखा काळा रंग चढवून देतात, त्याला भुलू नका, साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, उदाहरणार्थ १४०९ म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. आकडे सापडलेच नाहीत किंवा तीनच असले तर टायर २००० च्या आधीचा समजा.

इंजिन जाम असेल तर जोर लावू नका. प्लग काढून चारी भोकात थोडं डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल मिसळून ओता, आठवडाभर सोडा, मग पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू मागंपुढं. सुटलं की जुनं ऑइल काढून साधं २०डब्ल्यू-५०, ठिणगीसाठी नवीन सीबी पॉइंट आणि कंडेन्सर, रेडिएटर रेडिएटरवाल्याकडून साफ. पहिल्यांदा चालू करताना गाडीची टाकी जोडू नका, बाटलीतनं पाइप घेऊन स्वच्छ पेट्रोल द्या, नाहीतर टाकीतला सगळा गंज सरळ कार्ब्युरेटरमध्ये. पंपावर आता सगळीकडं ई-ट्वेंटी (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आहे, त्यातलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारा बघून घ्या आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीनं उभी ठेवू नका. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग लागलं तर आमच्याकडं कोल्हापुरात कारखान्यांचं उद्यमनगर आहेच, पुण्याचा एक मित्र तर ट्रान्सपोर्टनं क्रँक इकडंच पाठवतो.

पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा भाग, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार. पहिल्या दुकानात घेऊ नका आणि जुना पार्ट पिशवीत घेऊन जा, कारण फियाटचा म्हणून काहीही खपवतात. चंदेरी पट्ट्या, लोगो, काचेची रबरं हे खरं तर सगळ्यात महाग पडतं, म्हणून गाडी घेतानाच ते जागेवर आहे का बघा, एखादी पट्टी वाकलेली असली तर चालेल, गायब नको.

शेवटचं एक स्वस्तातलं काम. दारांच्या आणि पेट्यांच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात, रंगवाल्याची लांबी आणि डांबर त्यातच भरलेलं असतं. ती सगळी तारेनं मोकळी करा, पेट्यांत आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारा, खालून डांबर मारायचंच असेल तर गंज शंभर टक्के गेल्यावरच. मग होजपाइपनं काचेवर दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन मॅट न घालता पायाजवळ बसा, ओल कुठून येते ते तिथंच कळतं. माझ्या दुसऱ्या गाडीत डाव्या कोपऱ्यातनं एक थेंब यायचा, अजून येतो, खाली जुनं फडकं ठेवलंय.