कूगरच्या मागासाठी पहिलं कुत्रं
अमेरिकेतल्या आयडाहो, युटा किंवा मोंटानात हाउंड (वासावरून माग काढणारी शिकारी कुत्री) घेऊन कूगरच्या, म्हणजे प्यूमा या मोठ्या रानमांजराच्या, मागावर जायचं असेल, तर सुरुवातीलाच पिल्लांचा कळप जमवू नका. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, प्लॉट, जात कुठलीही चालेल. आधी एक मुरलेलं कुत्रं मिळवा. पिल्लू त्याच्या मागे धावतच शिकतं. असं कुत्रं महाग पडतं, पण पैसे तिथेच घालावेत. हरणाच्या वासाने वाहवत जाणारं कुत्रं कितीही चपळ असो, या कामाचं नाही. गळ्यात जीपीएस पट्टा हवाच.

ताजा बर्फ पडला की पहाटे जंगलरस्त्यांवरून गाडी हळू चालवत माग शोधा. कूगरचा ठसा गोलसर, तीन इंचांच्या आसपास रुंद. नखं सहसा उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाया दिसतात. शेजारी छोटे ठसे असतील तर कुत्री सोडूच नका, ती पिल्लांची आई आहे आणि तिला मारणं बेकायदा आहे. पिल्लं लपवूनही मादी एकटी हिंडते, म्हणून कुत्र्यांच्या पाठलागाने जनावर झाडावर चढल्यावर कुत्री बांधा आणि दुर्बिणीने शांतपणे बघा. नराला शेपटीखाली, गुदद्वारापासून चार-पाच इंचांवर काळा ठिपका असतो. तो दिसला नाही, तर परत फिरा.

परवाना आणि हंगामाचे नियम दरवर्षी तपासा. ओरेगॉनमध्ये १९९४ पासून आणि वॉशिंग्टन राज्यात १९९६ पासून हौशी शिकाऱ्यांना कूगरमागे हाउंड सोडता येत नाहीत.