नोकरी करता करता फायनान्शिअल इंजिनीअरिंगच्या मास्टर्सची तयारी कशी करावी

आयटीत पाच-सात वर्षं काढलेल्या मेकॅनिकल किंवा ईअँडटीसीच्या इंजिनीअरला क्वांट (गणित आणि कोड वापरून बाजारातल्या किमती व जोखीम मोजणारा) व्हावंसं वाटलं, की तो बहुधा आधी जीआरईचा, म्हणजे परदेशातल्या मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास लावतो. खरं तर तयारीतला तो सर्वांत सोपा भाग. सप्टेंबर २०२३पासून ही परीक्षा दोन तासांच्या आत संपते, गणित शाळेच्या पातळीचं असतं आणि गुण पाच वर्षं चालतात. प्रवेश समितीला पडणारा प्रश्न वेगळा असतो: कॉलेज सुटून इतकी वर्षं झालेल्या या माणसाला पदव्युत्तर गणित झेपेल का? याचं उत्तर अर्जातल्या कागदांवर दिसायला हवं. ते कागद जमवायला साधारण दीड वर्षं हाताशी ठेवा.

१. जुन्या गुणपत्रिका बाहेर काढा

अमेरिकेतले बहुतेक अभ्यासक्रम चार विषय पाहतात: अनेक चलांचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर आधारलेली प्रोबॅबिलिटी. शिवाय प्रोग्रामिंग. एम-वन, एम-टू, एम-थ्री केलेल्यांचे यातले पहिले तीन बऱ्यापैकी झालेले असतात. पण गुणपत्रिकेवर नुसतं 'इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स ३' छापलेलं असतं. त्यात नेमकं काय शिकवलं, हे परदेशातल्या समितीला कसं कळावं? विद्यापीठाचा त्या वर्षीचा सिलॅबस मिळवा आणि कुठल्या पेपरात कुठला विषय झाला, याचा एक पानी तक्ता करा. सीजीपीए स्वतःहून चारच्या मोजपट्टीवर बदलू नका; अर्जात तसं सांगितलं नसेल तर मूळ आकडाच द्या.

कॉमर्सवाल्यांनी आणि सीएंनी आणखी एक वर्ष धरावं. दार बंद नाही, पण गणित पायापासून उभं करावं लागेल.

२. राहिलेले विषय परीक्षा देऊन पूर्ण करा

नुसते व्हिडिओ पाहिल्याचा पुरावा राहत नाही. एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या) कोर्सला केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि अंतिम गुणांत तिचा वाटा ७५ टक्के असतो, म्हणून त्या प्रमाणपत्राला वजन आहे. खर्च परवडत असेल तर इलिनॉय विद्यापीठाच्या नेटमॅथसारखे, विद्यापीठाचं क्रेडिट देणारे ऑनलाइन कोर्स अधिक उपयोगी पडतात. समजून घेण्यासाठी एमआयटीत २०२३पर्यंत शिकवणारे गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्रावरची आणि हार्वर्डचे जो ब्लिट्झस्टीन यांची प्रोबॅबिलिटीवरची व्याख्यानं फुकट उपलब्ध आहेत.

सगळ्यात जास्त वेळ प्रोबॅबिलिटीला द्या. इंजिनीअरिंगला ती एखाद्या प्रकरणापुरती येते आणि परीक्षा झाली की विसरली जाते. इथे मात्र सगळी इमारत तिच्यावरच उभी आहे. स्वतःला तपासायला एक प्रश्न घ्या. सलग दोन छापे पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? आणि छाप व लगेच काटा पडेपर्यंत? उत्तरं अनुक्रमे ६ आणि ४. पहिल्या खेळात एका छापानंतर काटा पडला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. दुसऱ्यात एका छापानंतर आणखी छाप पडला तरी हातातला छाप टिकून राहतो. हे कंडिशनल एक्स्पेक्टेशन (आधी काय घडलं ते धरून काढलेली सरासरी) मांडून कागदावर सोडवता आलं नाही, तर स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसकडे (यादृच्छिक बदलांच्या कॅल्क्युलसकडे) अजून वळू नका.

३. एक प्रकल्प करा, पण शेवटपर्यंत न्या

पायथन येतंच, सी प्लस प्लसही हवं. पण वेबसाइट बनवणारा कोड इथे कामाचा नाही. मला सुचणारा सर्वांत चांगला प्रकल्प आपल्या निफ्टी ऑप्शन्सचा, म्हणजे निर्देशांक ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क देणाऱ्या करारांचा, आहे. हे ऑप्शन युरोपियन प्रकारचे, म्हणजे मुदत संपतानाच वापरता येणारे असल्यामुळे ऑप्शनची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्सचं सूत्र त्यांना थेट लावता येतं. एनएसईची भावकॉपी (रोजच्या भावांची फाइल) फुकट मिळते. एका दिवसाच्या वेगवेगळ्या स्ट्राइकच्या (करारात ठरलेल्या भावाच्या) ऑप्शनच्या किमतींवरून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (त्या किमतीत दडलेला चढउताराचा अंदाज) काढा. सूत्र म्हणतं, ती सगळीकडे सारखी हवी. आलेख काढला की ती तशी नसते, खालच्या स्ट्राइकला साधारणपणे जास्त असते. असं का, हे शोधताना बाजाराला कोसळण्याची वाटणारी भीती, पुटची (विकण्याचा हक्क देणाऱ्या ऑप्शनची) मागणी आणि मॉडेलच्या मर्यादा हे सगळं हाती लागतं. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबतच्या निबंधात) 'लहानपणापासून आकड्यांची आवड' लिहिण्यापेक्षा या शोधाचा एक परिच्छेद लिहा.

४. अभ्यासक्रम निवडा

कार्नेगी मेलनचा अभ्यासक्रम १९९४पासूनचा आहे. बर्कलीचा एका वर्षाचा आहे आणि मार्चमध्ये सुरू होतो, त्यामुळे त्याचं वेळापत्रक इतरांपेक्षा वेगळं धरा. न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज सरकारी असल्यामुळे फी तुलनेनं कमी. प्रवेश मात्र कठीण. पदवीची नोंद स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित या गटात) आहे ना, हे लेखी विचारून घ्या. सध्याच्या नियमांनुसार शिक्षणानंतर अमेरिकेत १२ महिने काम करता येतं, स्टेमला त्यावर आणखी २४ महिने. कर्जाचा हिशेब या मुदतीवर अवलंबून आहे. आवड खरी आहे का, हे आधी पाहायचं असेल तर वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटीची याच विषयातली ऑनलाइन मास्टर्स पूर्णपणे मोफत आहे.

५. शिफारसपत्रं

करिअर बदलणाऱ्याचं घोडं इथेच अडतं. कॉलेजच्या सरांना आपण आठवत नाही आणि बॉस म्हणतात, "तूच लिहून दे, मी सही करतो." असं करू नका, ते अप्रामाणिक आहेच, शिवाय सगळी पत्रं एकाच हातची वाटतात. बॉसला तुम्ही केलेल्या आकडेमोडीच्या दोन-तीन कामांचं टिपण द्या आणि पत्र त्यांना लिहू द्या. सरांना मुदतीच्या दोन महिने आधी प्रत्यक्ष भेटा. नव्या कोर्सचे गुण आणि निफ्टीचा प्रकल्प दाखवा, म्हणजे त्यांच्याकडे लिहायला आजचं काही असेल. पत्रं ऑनलाइन पोर्टलवर थेट त्यांच्याकडूनच जातात, म्हणून त्यांचा कॉलेजचा किंवा कंपनीचा ईमेल चालू आहे ना, हेही त्याच भेटीत बघून घ्या.