शुगर ग्लायडर आणताय? आधी कॅल्शियम आणा

शुगर ग्लायडर म्हणजे पोटाला पिशवी असलेला, झाडाझाडांवरून तरंगत झेप घेणारा चिमुकला प्राणी. त्याच्यासाठी पाण्याची बाटली, वाट्या, फळ्या सगळे घेतातच, त्यात वेळ घालवत नाही. पिंजरा मात्र उंच बघा, झाडावर राहणारा जीव आहे, गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको आणि हार्डवेअरच्या दुकानातली गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली जाळी आणून जुगाड तर अजिबात नको, लघवीने ती खराब होते, हे रात्रभर जाळी चाटत चावत बसतात आणि जस्त पोटात जातं. पावडर कोटिंगवाला घ्या, महाग पडला तरी.

दोन आणा. एकटा झुरतो, स्वतःचीच शेपटी कुरतडायला लागतो आणि रात्री 2 वाजता त्याच्याशी खेळायला तुम्ही काही जागे नसता. जोडी असेल तर नराच्या नसबंदीचं आधीच ठरवा.

आता कॅल्शियम. मागच्या वेळी मी हेच विसरले, सगळं होतं घरात, फक्त ही डबी नव्हती. केळं, द्राक्ष, स्वीटकॉर्न आणि मीलवर्म नावाच्या अळ्या, आवडीने खातात म्हणून तेच देत राहतो आपण. पण 100 ग्रॅम केळ्यात कॅल्शियम साधारण 5 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 22, मीलवर्मचंही तसंच उलटं, आणि ह्यांना हवं असतं फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. कमी पडलं की शरीर ते हाडातून ओढतं. मग एके दिवशी दिसतं की जाळीवर चढताना पुढचे पाय घट्ट धरतायत आणि मागचे दोन नुसते लोंबतायत. आळस नाहीये तो!! त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तर, फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर प्राणी यायच्या आधी घरात हवी, किती द्यायची ते डॉक्टरला विचारा, जेमतेम 100-150 ग्रॅमचा जीव, अंदाजपंचे चमचा नको. पपई, अंजीर त्यातल्या त्यात बरे. लीडबीटर, टीपीजी असे ठरलेले डाएट आहेत, एकच धरा, दोन्हीचं अर्धं अर्धं नको, कॅल्शियमचं गणित परत बिघडतं.

आणि डॉक्टर म्हणजे एक्झॉटिक, म्हणजे असे वेगळे पाळीव प्राणी बघणारा, कुत्र्या-मांजरांचे बहुतेक जण हात लावत नाहीत, नंबर आधीच सेव्ह करा.

पिल्लू पिशवीबाहेर येऊन 8 आठवडे झालेलं असावं, दुकानदार काहीही सांगेल. पळायच्या चाकाला मधे दांडा नको, शेपटी अडकते. झोपायच्या फ्लीसच्या (मऊ लोकरीसारख्या कापडाच्या) पाऊचची शिवण आतून बघा, सुटलेल्या दोऱ्यात नखं अडकतात. थंडीत खोली 24 अंशांच्या आसपास ठेवा, फार गारठला तर मेल्यासारखा पडतो, घाबरून हीटरवर धरू नका, अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या.

बाहेर सोडताना पंखा बंद, कमोडचं झाकण बंद, मांजर दुसऱ्या खोलीत. कॅल्शियम घेतलं ना? पहिले काही दिवस खर्रखर्र ओरडतील, ओरडू द्या. पाऊच सगळे एकदम धुवू नका, स्वतःचा वास गेला की बिथरतात.